वायरिंग स्वतः करणाऱ्यांसाठी इन्सुलेशन टेस्टर: संपूर्ण घर मोजून झाल्यावरचा अभिप्राय

जुन्या घराचे वायरिंग स्वतः बदलायला घेतले तेव्हा हत्यारांच्या यादीत मी पक्कड, स्क्रूड्रायव्हर, वायर सोलायचे हत्यार आणि साधा मल्टिमीटर एवढेच लिहिले होते. इन्सुलेशन टेस्टर, म्हणजे वायरीच्या आवरणातून वीज गळते का हे मोजणारे यंत्र, ज्याला इलेक्ट्रिशियन मंडळी सरसकट मेगर म्हणतात (हे मुळात एका कंपनीचे नाव, पण झेरॉक्सप्रमाणे तेही आता वस्तूचेच नाव होऊन बसले आहे), त्या यादीत आला तो काम तपासणाऱ्या परवानाधारक निरीक्षकांच्या एका प्रश्नामुळे. भिंतीतल्या खाचा बुजवण्याआधी एकदा आणि सगळे जोडून झाल्यावर एकदा त्यांनी तपासणी करावी, या अटीवरच मला स्वतः काम करण्याची मुभा मिळाली होती. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, "मधल्या काळात तुम्ही मोजणार कशाने?" मी मल्टिमीटर दाखवला आणि त्यांनी तो शांतपणे परत माझ्या हातात दिला.

त्यांचे म्हणणे बरोबर होते. मल्टिमीटर रोध मोजताना वायरवर जेमतेम काही व्होल्ट लावतो. एखाद्या ठिकाणी वायरच्या आवरणाला चीर पडली असेल, पण आतले तांबे कशाला प्रत्यक्ष टेकलेले नसेल, तर एवढ्या दाबाला ती फट ओलांडता येत नाही आणि पडद्यावर सगळे आलबेल दिसते. इन्सुलेशन टेस्टर त्याच वायरवर ५०० व्होल्टचा डीसी दाब देतो. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तपासणीविषयक भागात घरगुती सर्किटांसाठी हाच दाब सांगितला आहे आणि किमान १ मेगोहम (दहा लाख ओहम) रोध मिळाला पाहिजे अशी अट घातली आहे. अर्थात ही उत्तीर्ण होण्यापुरती मर्यादा झाली. नव्या वायरीच्या कोरड्या सर्किटात शेकडो मेगोहम दिसायला हवेत. तिथे दीड मेगोहम दिसला तर ते सर्किट कागदोपत्री पास असले तरी मी ते बुजवणार नाही.

या यंत्राने स्वतःची किंमत वसूल केली ती स्वयंपाकघराच्या सर्किटात. तिथे फेज आणि अर्थ यांच्यात ०.३ मेगोहम दिसत होते, मल्टिमीटर मात्र रोध अनंत असल्याचे सांगत होता. सर्किट मधोमध सोडवले, दोन्ही अर्धे वेगळे मोजले, मग दोषी अर्ध्याचे पुन्हा दोन भाग केले आणि चौथ्या मोजणीला एका स्विचबोर्डाच्या लोखंडी बॉक्सपाशी पोहोचलो. बॉक्स भिंतीला धरणाऱ्या स्क्रूच्या डोक्याखाली लाल वायर दबली होती. आवरणावर नखाने ओरखडा काढावा तेवढीच खूण होती आणि चूक पूर्णपणे माझी होती. तेवढा तुकडा बदलल्यावर आकडा यंत्राच्या कमाल मर्यादेपलीकडे गेला.

जुन्या घरात आणखी एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे ओल. ताज्या गिलाव्यातून नेलेल्या एका सर्किटात आधी ४ मेगोहम मिळत होते. वायरीत कुठेच दोष सापडेना. तीन आठवड्यांनी, भिंत आणि बॉक्स वाळल्यावर, तेच सर्किट २०० च्या वर गेले. म्हणून आकड्याशेजारी तारीख लिहून ठेवावी.

यंत्रातली दुसरी सोय अर्थिंगचे सातत्य, म्हणजे अर्थची वायर शेवटपर्यंत अखंड जोडलेली आहे का, हे मोजण्याची असून ती मला जवळपास तितकीच मोलाची वाटली. किमान २०० मिलिअँपिअर प्रवाह सोडून ते रोध मोजते, त्यामुळे नुसता टेकलेला, ढिला सांधा लपून राहत नाही. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे साधारण ७.४ मिलिओहम असतो. म्हणजे ३० मीटर वायरीला ०.२२ ओहमच्या आसपास दिसले पाहिजे. शेवटच्या सॉकेटला मला १.४ दिसले. टर्मिनलच्या स्क्रूखाली तांब्याऐवजी हिरवे-पिवळे आवरणच आवळले गेले होते.

आता तक्रारी. मोजणीच्या तारा आखूड आहेत. त्यांचा स्वतःचा रोध वजा करण्याची सोय आहे, पण यंत्र बंद केले की ती नोंद पुसली जाते आणि प्रत्येक वेळी ती पुन्हा करावी लागते, ज्याचा मला शेवटपर्यंत राग येत राहिला. माहितीपुस्तिका इतकी त्रोटक आहे की मोजणीनंतर सर्किटात साठलेला विद्युतभार उतरेपर्यंत तारा काढू नयेत ही महत्त्वाची सूचनाही तिच्यात एका चित्राखाली बारीक अक्षरांत दिली आहे. मुख्य पुरवठा तोडून, पुन्हा कोणी चालू करणार नाही अशी कुलपाची व्यवस्था करून आणि वायर मृत असल्याची खात्री करूनच हे यंत्र जोडायचे असते. शिवाय दुसऱ्या टोकाला कोणी उघड्या वायरीला हात लावून उभे नाही हेही पाहावे लागते. एलईडी दिवे, डिमर आणि सर्ज संरक्षक (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारी उपकरणे) आधी सोडवले नाहीत, तर चुकीचे आकडे मिळतात किंवा उपकरणच जाते. मी एक डिमर असाच घालवला.

याच्याने होत नाही तेही सांगायला हवे. फॉल्ट लूपचा, म्हणजे दोष झाल्यावर वीज ज्या मार्गाने फिरते त्या संपूर्ण मार्गाचा, रोध ते मोजत नाही आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) किती वेळात पुरवठा तोडतो हेही दाखवत नाही; आरसीसीबीवरचे टेस्ट बटण फक्त त्याची यंत्रणा हलते एवढेच सांगते. या दोन्ही मोजण्या निरीक्षकांच्या बहुउद्देशीय यंत्रानेच झाल्या. त्यामुळे एखाददुसरा पॉइंट वाढवणाऱ्याने हे विकत घेऊ नये, भाड्याने आणावे. संपूर्ण घर करणाऱ्याने मात्र पहिली वायर ओढण्याआधीच घ्यावे, कारण गिलावा झाल्यावर दोष सापडला तर तो शोधण्यापेक्षा भिंत फोडण्यातच जास्त दिवस जातात.

अंतिम तपासणीत निरीक्षकांनी माझ्या तक्त्यावरची सर्व बारा सर्किटे स्वतःच्या यंत्राने पुन्हा मोजली. अकरा जुळली. बाराव्याला, न्हाणीघराच्या सर्किटाला, मी जेमतेम २ मेगोहम लिहिले होते. त्यांनी पाणी तापवण्याच्या हीटरचा स्विच बंद केला आणि आकडा एकदम वर गेला. वायरिंग ठीक होते. हीटरच्या कॉइलमध्ये दमटपणा शिरला होता आणि मी हीटर जोडलेला ठेवूनच मोजले होते.