बर्फाच्या प्रांतातला रॉकेलचा फॅन हीटर: डाइनिची की कोरोना, आणि घेतल्यावर काय सांभाळायचं

नीगाता, यामागाता, अकिता, नागानोचा उत्तर भाग. जपान समुद्राच्या बाजूच्या या पट्ट्यात जुनं लाकडी घर भाड्यानं मिळालं की सामानाच्या यादीत हीटर सगळ्यात वर लिहावा. भिंती पातळ, खिडक्यांना एकेरी काच आणि फळ्यांच्या फटींतून येणारा वारा. अख्खं घर गरम करायची इथे रीत नाही. माणूस बसतो ती एक खोली गरम करायची, बाकीचं घर गार राहू द्यायचं.

बहुतेक घरांत भिंतीवर गरम हवाही देणारा एसी आधीच असतो आणि त्यावर हिवाळा निघेल असं वाटतं. डिसेंबरपर्यंत निघतोही. पण इथला बर्फ ओला, आणि तापमान तासन्‌तास शून्याच्या आसपास रेंगाळतं. एसीच्या बाहेरच्या युनिटवर दव गोठण्यासाठी हीच हवा सगळ्यात वाईट. दव गोठलं की यंत्र ते वितळवायला उलटं चालतं आणि तेवढा वेळ आत गरम हवा येत नाही. त्यात युनिट जमिनीलगत असेल तर एका रात्रीच्या बर्फात ते पुरतं गाडलं जातं. थंड प्रदेशासाठी खास बनवलेले एसी मिळतात, पण त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांना २०० व्होल्टची जोडणी लागते, आणि भाड्याच्या घरात तेवढ्यासाठी मालकाच्या मागे लागायची कोणाची तयारी नसते. म्हणून इथली घरं अजूनही रॉकेलवर चालतात.

त्यासाठीचं रोजचं यंत्र म्हणजे फॅन हीटर. आत रॉकेलची वाफ करून ती जाळायची आणि पंख्यानं गरम हवा खालून, जमिनीलगत बाहेर सोडायची. पाय आधी गरम होतात, आणि एसीच्या तुलनेत मोठा फरक हाच. बाजारात मुख्य नावं तीन: डाइनिची, कोरोना आणि तोयोतोमी. पहिल्या दोन्ही कंपन्या नीगाता प्रांतातल्याच, डाइनिची नीगाता शहरातली आणि कोरोना सान्जोची. त्यामुळे या भागातल्या दुकानांत त्याच समोर दिसतात, आणि इथेही त्यांच्याबद्दलच लिहिलं आहे.

दोघांचा फरक बाहेरच्या पत्र्यात नाही, बर्नरमध्ये आहे. डाइनिची रॉकेलची वाफ करायला विजेचा तापक वापरते आणि तो जळण चालू असेपर्यंत वीज घेत राहतो. याचा फायदा म्हणजे बटण दाबल्यापासून ज्वाला पेटायला चांगल्या मॉडेलांत साधारण ४० सेकंद, आणि बंद करताना वास कमी. तोटा विजेचा, कारण जळताना सत्तरेक वॅट सतत जातात. कोरोनाच्या नेहमीच्या मॉडेलांत ज्वालेचीच उष्णता पुढच्या रॉकेलची वाफ करते. एकदा पेटलं की वीज पंधराएक वॅटवर येते, पण पेटायला जास्त वेळ लागतो आणि विझताना रॉकेलचा भपकारा येतो. काही मॉडेलांत काही सेकंदांत पेटण्याची सोय असते, पण त्यासाठी यंत्र आधीपासून तापवून ठेवावं लागतं आणि तेवढा वेळ वीज जात राहते. ती सोय चालू ठेवून घराबाहेर जाऊ नये.

रोज ८ तास, महिनाभर आणि युनिटला ३१ येन धरले तर डाइनिचीचं वीजबिल साधारण ५२० येन आणि कोरोनाचं ११० येन येतं. म्हणजे फरक महिन्याला चारशे येनांचा. सकाळी उठून अर्धा तास, संध्याकाळी आल्यावर दोन तास, असा तुकड्यातुकड्यांनी वापर असेल तर डाइनिची घ्यावा. चारशे येनांपेक्षा कुडकुडत घालवलेली मिनिटं महाग पडतात. घरून काम करणारे, लहान मूल किंवा म्हातारी माणसं असलेले, दिवसभर हीटर चालू ठेवणारे यांनी कोरोना घ्यावा. दोन्ही कंपन्या काही सगळ्याच बाबतींत एकमेकींना हरवत नाहीत.

आता आकार. मॉडेलच्या क्रमांकातले दोन आकडे बहुधा ताकद सांगतात: ३२ म्हणजे ३.२ किलोवॅट, ५७ म्हणजे ५.७. खोक्यावर लिहिलेलं असतं की ३.२ चा हीटर लाकडी घरात ९ जो, म्हणजे ९ तातामीच्या (जमिनीवर अंथरायच्या गवती चटयांच्या) खोलीला, आणि काँक्रीटच्या घरात १२ जोला पुरतो, ५.७ चा अनुक्रमे १५ आणि २० ला. सहा जोची खोली म्हणजे साधारण १० चौरस मीटर. बर्फाच्या पट्ट्यात, जुन्या लाकडी घरात, हे आकडे शब्दशः घेऊ नयेत. एक पायरी मोठा हीटर घ्यावा, नाहीतर तो सतत पूर्ण ताकदीवर घोंघावत राहतो आणि खोली तरीही सोळा अंशांवर अडकते. उलट, नव्या काँक्रीटच्या इमारतीतल्या छोट्या खोलीत मोठा घेऊन उपयोग नाही. ३.२ चा हीटर कमीत कमी साधारण ०.७ किलोवॅटपर्यंतच खाली येतो. त्याहून मोठ्याची खालची मर्यादाही वर असते, आणि मग खोली तापून उकडायला लागतं.

रॉकेल किती लागतं? ३.२ चा हीटर पूर्ण ताकदीवर तासाला ०.३१ लिटर जाळतो. ५ लिटरची टाकी त्या हिशोबानं १६ तास पुरते. खोली तापल्यावर ज्योत खाली येते, म्हणून दिवसाचे ८ तास आणि सरासरी ०.२ लिटर धरावे: रोजचे १.६ लिटर. १८ लिटरचा डबा ११ दिवस जातो. डब्याचा भाव वर्षागणिक बदलतो, सध्या साधारण २,००० ते २,५०० येनांच्या घरात असतो, घरपोच घेतलं तर वरच्या टोकाला. महिन्याला साधारण सहा हजार येन असं मनाशी धरून ठेवावं. एक किलोवॅट-तास उष्णतेला रॉकेल बारा येनांच्या आसपास पडतं, साधा विजेचा हीटर एकतीसला. म्हणून दुकानात स्वस्त दिसणारा तो छोटा विजेचा हीटर घेऊ नये. तो महिनाअखेरीला बिलात वसूल करतो.

रॉकेल पेट्रोल पंपावर किंवा होम सेंटरमध्ये, म्हणजे घरसामानाच्या मोठ्या दुकानात, मिळतं. १८ लिटरचा प्लॅस्टिकचा डबा आपला घेऊन जायचा. पूर्व जपानात तो लाल, पश्चिमेला निळा. भरल्यावर रॉकेलच चौदा किलोंच्या वर भरतं, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर जिना चढायचा असेल तर दोन छोटे डबे बरे. स्वतः भरायच्या पंपावर रॉकेलच्या नळीचा रंग निळा असतो आणि ती जागाही बहुधा वेगळी असते. लाल रंगाची नळी साध्या पेट्रोलची. पेट्रोल चुकून हीटरमध्ये गेलं तर आग लागते, त्यामुळे रंग पाहिल्याशिवाय नळी उचलू नये आणि एका डब्यात एकच गोष्ट ठेवावी. बऱ्याच गावांत रॉकेलची गाडी गाणं वाजवत गल्लीतून फिरते. ती थांबवून दाराशी डबा भरून घेता येतो.

फॅन हीटरच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा यंत्रात नसतं, रॉकेलमध्ये असतं. गेल्या हिवाळ्यातलं उरलेलं रॉकेल उन्हाळ्यात हवा आणि उन्हानं खराब होतं, जरा पिवळसर दिसतं, आंबूस वास मारतं. ते जाळलं की बर्नरवर डांबरासारखा थर बसतो, मग पेटायला वेळ लागतो, पांढरा धूर येतो, शेवटी यंत्र चूक दाखवून बंद. दुसरं कारण पाणी. डबा बाहेर बाल्कनीत ठेवला, झाकणावर बर्फ साचला आणि उघडताना थोडा आत पडला, किंवा अर्धा रिकामा डबा थंडी-उबेच्या फेऱ्यांत आतून दमट झाला, की पाणी तळाशी बसतं. टाकीखालच्या गाळणीत ते अडकलं की तेल पुढे सरकत नाही. गाळणी काढून स्वच्छ रॉकेलमध्येच धुवावी, नळाखाली कधीच नाही. डबा गेन्कानमध्ये, म्हणजे दारातल्या बुटांच्या जागेत, ज्वालेपासून आणि उन्हापासून दूर ठेवणं सगळ्यात बरं.

तिसरं कारण कोणाला सुचत नाही: केस मऊ ठेवायची सीरम, स्प्रे, पाण्याला दाद न देणारे फवारे. त्यांतलं सिलिकॉन हवेतून हीटरमध्ये जातं, ज्वालेत जळून पांढरी पूड होतं आणि ज्वाला ओळखणाऱ्या दांडीवर बसतं. यंत्राला वाटतं ज्वालाच नाही, आणि ते आपण होऊन विझतं. दुरुस्तीला नेल्यावर बहुधा हेच निघतं. ज्या खोलीत हीटर त्या खोलीत हे फवारे नकोत. स्प्रेचा डबा गरम हवेसमोर ठेवला तर तो फुटतो, ही वेगळी गोष्ट. फोडणीचा धूर मागच्या जाळीवर चिकटतो, म्हणून स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत आठवड्यातून एकदा मागची जाळी ब्रशनं झाडावी.

टाकी भरताना हीटर बंद हवा. टाकी काढून गेन्कानमध्ये न्यायची, बॅटरीचा पंप डब्यात घालायचा, टाकीच्या खिडकीतून पातळी बघत भरायची. आपोआप थांबणारा पंप घ्यावा, थोडे जास्त पैसे गेले तरी. साधा पंप चालू असताना फोन वाजला की फरशीवर लिटरभर सांडतं आणि तो वास आठवडाभर जात नाही. झाकण घट्ट बसलं की टाकी उलटी धरून गळत नाही ना ते पाहायचं. मगच यंत्रात.

पॅनेल जपानीत असतं. उन्तेन चालू-बंद, क्यूयुचा दिवा लागला तर टाकी भरा, कांकी म्हणजे खिडकी उघडा, एन्चो वेळ वाढवायला. हीटर कोणीही हात न लावता ३ तास चालला तर आपण होऊन बंद होतो, सुरक्षेसाठी; चालू ठेवायचा तर त्याआधी एन्चो दाबायचं. रात्री लावून झोपायचं नाही.

कांकीचा दिवा लागेपर्यंत थांबणं मूर्खपणाचं आहे. फॅन हीटरचा धूर बाहेर जात नाही, खोलीतच राहतो. दर तासाला एकदोनदा, मिनिट-दोन मिनिटं, शक्यतो समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडाव्यात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होणं, मळमळणं हीच त्याची सूचना. खोली गार होते म्हणून हे टाळणारे बरेच असतात, पण भिंती आणि सामान तापलेलं असलं की हवा पुन्हा लवकर गरम होते. शिवाय एक लिटर रॉकेल जळताना साधारण एक लिटर पाण्याची वाफ होते. ती एकेरी काचेवर जमून चौकटीत साचते, तिथून तातामीत उतरते आणि मार्चमध्ये काळी बुरशी दिसते. सकाळी काच पुसायची सवय लावावी आणि काचेवर फुग्यांचा प्लॅस्टिक कागद चिकटवावा. स्वस्त आहे आणि खरंच फरक पडतो.

समोर किमान एक मीटर मोकळी जागा हवी. हीटरवर किंवा त्याच्यासमोर ओले मोजे, टोप्या वाळत घालणं हे या भागातल्या आगींचं जुनं कारण. धक्का लागला किंवा भूकंप झाला की हीटर स्वतःच विझतो. पुन्हा पेटवण्याआधी आजूबाजूला काही पडलं नाही ना हे पाहावं.

मोठी उणीव एकच, वीज गेली की हा हीटर निकामी. जड बर्फानं फांद्या तारांवर पडतात आणि वीज जाते ती नेमकी सगळ्यात थंड दिवशी. म्हणून घरात एक वातीचा, विजेविना चालणारा रॉकेल स्टोव्ह ठेवावा. त्यावर किटली उकळते, सूप गरम होतं. यालाही फॅन हीटरसारखीच हवा खेळती लागते.

काही गोष्टी खरेदीआधीच बघाव्यात. भाडेकरारात रॉकेलला मनाई आहे का, हे वाचायचं. अनेक अपार्टमेंटांत असते. होक्काइदोत हे सगळं फारसं लागू नाही, तिथे घराला भिंतीतून हवा आत-बाहेर करणारा एफएफ हीटर बसवलेलाच असतो. त्याचं काम वेगळं: बाहेरची नळी बर्फात गाडली गेली की धूर परत आत येतो, म्हणून छपरावरून बर्फ घसरल्यावर आधी ती मोकळी करायची. डोंगरातल्या उंच ठिकाणी हवा विरळ असल्यानं फॅन हीटरचं जळण बिघडतं; तिथे राहणार असाल तर खरेदीच्या वेळीच दुकानदाराला उंची सांगा. हीटर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्यावा. फेब्रुवारीत होम सेंटरची ती रांग रिकामी होऊन तिथे बागकामाचं सामान येतं.

जुना वापरलेला घेतला तरी चालतो, पण लेबलवरचं उत्पादनाचं वर्ष बघा आणि दुकानात पेटवून दाखवायला सांगा. ज्वाला निळी हवी, पिवळी लवलवती नको.

हिवाळा संपला की टाकी रिकामी करून हीटर आपण होऊन विझेपर्यंत जळू द्यावा, खालच्या ताटलीतलं उरलेलं तेल ड्रॉपरनं ओढून काढावं. डब्यातलं उरलेलं रॉकेल गटारात किंवा मातीत ओतायचं नाही. पेट्रोल पंपावर विचारलं तर बरेच पंप ते घेतात, काही ठिकाणी थोडे पैसे लागतात. देश सोडताना हीटर रस्त्याकडेला ठेवून जाऊ नये. नगरपालिकेच्या मोठ्या कचऱ्याची चिठ्ठी आणून लावावी लागते, आणि त्यात रॉकेल किंवा बॅटऱ्या राहिल्या तर ते उचलत नाहीत.