अंगोरा सशाची लोकर: उपटावी की कातरावी?

आधी ससा कुठल्या जातीचा, ते बघा. इंग्लिश आणि फ्रेंच अंगोराचे केस साधारण तीन-चार महिन्यांनी आपोआप सुटतात. तेव्हा चिमटीत धरून हलकेच ओढले की लोकर हातात येते. तंतू मुळापासून टोकापर्यंत अखंड मिळतो, म्हणून सूत मऊ आणि फुलारलेलं होतं. पण वेळ फार जातो, आणि केस सुटण्याआधीच ओढले तर तो निव्वळ छळ. 2013 साली चीनमधल्या अशाच चित्रफिती बाहेर आल्या आणि कित्येक कपडा कंपन्यांनी अंगोरा बंद केला. फ्रान्समध्ये तर केस सुटावेत म्हणून सशांना सुबाभळीतलं मिमोसिन असलेला चारा देत. हो, आपल्या बांधावरचीच सुबाभूळ!

जर्मन अंगोराचे केस असे सुटतच नाहीत, त्याला कात्रीच हवी. कुलूजवळच्या गडसा इथल्या सरकारी केंद्रात हीच जात पाळतात. कातरणं झटपट होतं, मात्र कातडी पातळ आणि सैल असल्याने ती कात्रीत सापडते. ताणून धरावी लागते. एकाच जागी दोनदा कात्री फिरली की आखूड तुकडे पडतात आणि सुतातून गळत राहतात. थंडीत कातरलेल्या सशाला ऊब द्यावी लागते.

विंचरणं मात्र दोन्हीकडे चुकत नाही. सशाला उलटी करता येत नाही. चाटून गिळलेले केस पोटात अडकले तर जिवावर बेततं.

माझ्यापुरतं म्हणाल तर नवख्याने कात्रीच धरावी, बोथट टोकाची.