अन्न-संवेदनशीलता चाचणी, श्वासाची तपासणी आणि घरची वही : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीनंतर पोट फुगणे, मुरडा येणे आणि दिवसातून चार-पाच वेळा शौचास जावे लागणे यांना कंटाळून मी, दारव्हा तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक, ७,५०० रुपये भरून रक्ताची अन्न-संवेदनशीलता चाचणी करून घेतली. आठवड्याने रंगीत अहवाल आला. गहू, तांदूळ, तूर आणि गाईचे दूध हे सगळे लाल रंगात होते, तर किनोआ, अव्होकॅडो आणि सामन मासा हिरव्या रंगात. आमच्या आठवडी बाजारात या हिरव्यांपैकी काहीही येत नाही, आणि ज्वारी, अंबाडी, जवस यांची तर यादीत नावेच नव्हती.

ही चाचणी आयजीजी नावाची प्रतिपिंडे मोजते. जे अन्न आपण नेहमी खातो त्याविरुद्ध ती निरोगी माणसाच्या रक्तातही तयार होतात, म्हणजे ती त्या अन्नाशी शरीराचा परिचय दाखवतात, आजार नव्हे. म्हणूनच २००८ मध्ये युरोपातील आणि २०१२ मध्ये कॅनडातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी अन्न-संवेदनशीलता ओळखण्यासाठी तिचा वापर करू नये असे सांगितले आहे. हे मला पैसे भरल्यावर कळले. तोवर मी तीन महिने पोळी, तुरीचे वरण आणि दूध बंद ठेवले होते आणि पाच किलो वजन गमावले होते. थोडा आराम पडला होता, आणि फसवे होते ते हेच, कारण रोजच्या ताटातील बहुतेक पदार्थ लाल ठरवले तर खरा अपराधी त्यांत सापडणारच, पण तो कोणता हे अहवालावरून कधीच कळत नाही.

नागपूरच्या पोटविकारतज्ज्ञांनी अहवाल बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला, ‘‘गुरुजी, गहू कधीपासून बंद आहे?’’ सीलिॲक म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार, आणि त्याची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच विश्वासार्ह ठरते. गहू सोडलेल्या माणसात आजार असूनही ती निर्दोष येऊ शकते. त्यामुळे सहा आठवडे रोज दोन पोळ्या खाऊन मग रक्त दिले, आणि सोबत एकूण आयजीए, म्हणजे ही तपासणी ज्या प्रकारच्या प्रतिपिंडांवर चालते ती, हेही मोजले, कारण ते मुळातच कमी असेल तर ही तपासणी चुकते. तिच्यात काही निघाले नाही. वय आणि घटलेले वजन पाहून दुर्बिणीची तपासणीही झाली, तीही निर्दोष होती, आणि निदान आयबीएसचे, म्हणजे आतड्यात इजा न दिसता पोट वारंवार बिघडण्याच्या विकाराचे, ठरले.

दुधासाठी श्वासातील हायड्रोजन मोजणारी तपासणी झाली : दुधातील शर्करा, म्हणजे लॅक्टोज, पचली नाही तर ती आतड्यात आंबते आणि त्यातून हा वायू तयार होतो. तिची अचूकता यंत्राइतकीच रुग्णाच्या तयारीवर अवलंबून असते, हे मी एक खेप वाया घालवून शिकलो : दाढेसाठी दहा दिवसांपूर्वी प्रतिजैविके घेतली होती, म्हणून मला परत पाठवले, कारण त्यांच्यानंतर चार आठवडे थांबावे लागते. दुसऱ्या वेळी आदल्या दिवशी केवळ पांढरा भात खाल्ला, पहाटेची एसटी उपाशीपोटी धरली, २५ ग्रॅम लॅक्टोज प्यालो आणि तीन तास ठरावीक अंतराने नळीत फुंकत बसलो. हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) वर गेला आणि त्याच सुमारास पोटात गुरगुर सुरू झाली. आकडा वाढून त्रास झाला नसता तर दूध तोडण्याचे कारण नव्हते. आजही चहातले दूध आणि ताक मला चालते, पेलाभर दूध चालत नाही.

कांदा, लसूण, गहू आणि तूर यांच्यासाठी मात्र अशी सोयीची तपासणी नाही. त्यांतील आतड्यात आंबणाऱ्या शर्करा कमी करण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात विकसित झाली, आणि दोन ते सहा आठवडे पथ्य पाळून एकेक पदार्थ परत आणून पाहणे हा तिचा गाभा आहे. अनेक लोक पथ्यावरच थांबतात. शिवाय आपण काय खातो आहोत हे ठाऊक असले की भीतीनेही पोट दुखते, म्हणून आम्ही परीक्षा झाकून घेतली. कांद्यातील ती शर्करा पाण्यात विरघळते, तेलात नाही. त्यामुळे पत्नीने दर तिसऱ्या दिवशी मुगाचे वरण केले, लसूण तेलात तळून काढून टाकला, आणि चिठ्ठी निघेल त्याप्रमाणे कधी वरणाच्या पाण्यात कांदा उकळून गाळून घेतला, कधी नाही. लसणाच्या वासाखाली मला फरक कळत नसे. मी सकाळी त्रासाला दहापैकी गुण लिहीत असे, ती आपली नोंद डाळीच्या डब्यात ठेवत असे.

आठ परीक्षांनंतर चिठ्ठ्या उघडल्या. कांद्याच्या चार दिवसांपैकी तीन दिवस माझे गुण सहाच्या वर होते. बिनकांद्याच्या चारपैकी एकाच दिवशी पोट बिघडले होते, आणि तो दिवस सोयाबीन न उगवल्याने दुबार पेरणीचा निर्णय घेतला तो होता. माझ्या मते ७,५०० रुपयांच्या अहवालापेक्षा हा कागद अधिक खरा आहे, जरी आठ परीक्षा म्हणजे फार नव्हेत हे मलाही समजते.

गव्हाची परीक्षा अशीच, पण उघडपणे घेतली, कारण पोळी झाकता येत नाही. दोन पोळ्या चालतात, पंगतीतले रोडगे आणि कांदा-लसणाची वांग्याची भाजी एकत्र आली की चालत नाहीत. तुरीचे अर्धी वाटी वरण निभते. हरभऱ्याच्या डाळीची पाळी अजून आलेली नाही. येत्या पोळ्याला पुरणपोळी होईल, तेव्हा अर्धी खायची, सोबत दूध घ्यायचे नाही, असे ठरवून वहीत त्या तारखेचे पान आखून ठेवले आहे.