टिक्ससाठीचं 'हॉर्मोन पॅकेज': सुई छान टोचतात, बाकी सोडा

टिक्स म्हणजे मुद्दाम न करता पुन्हापुन्हा होणाऱ्या झटकेदार हालचाली किंवा आवाज. त्यासाठी विकल्या जाणाऱ्या रक्ततपासण्यांच्या पॅकेजचा आधी निकाल. घरी येऊन रक्त घ्यायची सेवा: पाचपैकी पाच. रिपोर्ट: पाचपैकी एक. रिपोर्टनंतरचा 'सल्ला': शून्य, आणि उणे गुण द्यायची सोय असती तर उणे. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण असली पॅकेजं आता बरेच जण विकतायत आणि जाहिरातीचा सूर सगळ्यांचा तोच: मूल सारखं डोळे मिचकावतं? खांदे उडवतं? मग हॉर्मोन्स तपासा.

मुलगा नऊ वर्षांचा. सुरुवात डोळ्यांपासून झाली, मग खांदा, आणि आता खांद्याच्या जोडीला घसा खाकरणं. न्यूरॉलॉजिस्टनी त्याला नीट बघून, आमच्याशी बोलून निदान केलं होतं आणि एकही रक्ततपासणी लिहून दिली नव्हती. टिक्सचं निदान बघून आणि विचारूनच होतं. पण थोरल्या नणंदबाईंनी जाहिरात पाठवली, मग रोज फोन करून विचारायला लागल्या, आणि घरात शांतता हवी म्हणून पॅकेज घेतलं.

रक्त घ्यायला आलेल्या ताईंचं कौतुक करावं तेवढं थोडं. पोराचा खांदा उडत होता. त्यांनी 'हलू नकोस' असं एकदाही म्हटलं नाही. दंडाला पट्टा बांधला, हातात सुई तयार ठेवली आणि नुसत्या बघत बसल्या. खांदा लागोपाठ तीन-चारदा उडाला, थांबला, आणि त्या मधल्या शांततेत त्यांनी काम उरकलं. टिक्स अशाच झुबक्याने येतात आणि मध्ये उसंत देतात. हे त्यांना कुणी शिकवलं होतं की नजरेनेच कळलं, विचारायचं राहून गेलं.

आता रिपोर्ट. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुषी हॉर्मोन, त्याच्यासमोर लाल रंगात 'कमी'. पोटात गोळाच आला. मग शेजारची नॉर्मल रेंज वाचली, तर ती प्रौढ पुरुषाची! वयात न आलेल्या मुलाचं टेस्टोस्टेरॉन नगण्यच असतं, तसंच असायला हवं. मुलांच्या नावाने पॅकेज विकता आणि रेंज दाढीमिशीवाल्यांची लावता?

कॉर्टिसॉल जरा वर. ते असणारच, आदल्या रात्रीपासून पोराने सुईची धास्ती घेतली होती. ताणाने टिक्स वाढतात हे खरं आहे, परीक्षेच्या आठवड्यात आम्ही ते घरीच बघतो, आणि ताणाच्या वेळी शरीर कॉर्टिसॉल सोडतं हेही खरं. पण एका सकाळचा आकडा त्या सकाळपुरता. थायरॉइड नॉर्मल. ही एक तपासणी मी समजू शकते, थायरॉइड फार वाढला तर हात थरथरतात, अस्वस्थपणा येतो. पण तशी शंका असती तर वजन घटतंय का, धडधडतं का, हे विचारून डॉक्टरांनीच ती सांगितली असती. प्रोलॅक्टिन, म्हणजे आईला दूध यायला लावणारं हॉर्मोन, कशासाठी होतं, देव जाणे. टिक्सवर कधीकधी देतात त्या रिस्पेरिडोनसारख्या गोळ्यांनी ते वाढतं, त्या चालू असतील तर बघण्यात अर्थ आहे. आमच्याकडे एकही गोळी चालू नाही.

खरी गंमत व्हिडिओ कॉलवर. पॅकेजसोबतच्या पत्रकात छापलंय की पुरुषी हॉर्मोन जास्त झाल्याने टिक्स होतात. सल्लागार बाई म्हणाल्या, टेस्टोस्टेरॉन कमी आहे म्हणून होतायत. अहो, दोघांपैकी एक काहीतरी ठरवा! पाठोपाठ 'हॉर्मोन बॅलन्स' करणारे थेंब सुचवले, अर्थातच त्यांच्याचकडचे.

हॉर्मोन्सचा संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. टूरेट सिंड्रोम, म्हणजे हालचालींच्या आणि आवाजाच्या अशा दोन्ही टिक्स वर्षाहून जास्त टिकणं, मुलींपेक्षा मुलांमध्ये तीन-चार पट जास्त दिसतो, तेव्हा संशोधकांना पुरुषी हॉर्मोन्सची शंका येणं साहजिक आहे. त्यांचा एक अंदाज असा की हे हॉर्मोन गर्भात असतानाच मेंदूच्या जडणघडणीवर काम करून जातात. तसं असेल तर नवव्या वर्षी दंडातून काढलेल्या रक्तात त्याचा माग कसा लागणार? शिवाय टिक्स साधारण दहा ते बारा या वयात सर्वांत जोरात असतात आणि पुढे बहुतेकांच्या ओसरतात, म्हणजे नेमक्या टेस्टोस्टेरॉन चढायच्या काळात. 'हॉर्मोन जास्त, टिक्स जास्त' हे सरळ गणित तिथेच फसतं. १९९०च्या दशकात अमेरिकेत ब्रॅडली पीटरसन यांच्या गटाने टूरेट असलेल्या प्रौढांना पुरुषी हॉर्मोन अडवणारं फ्लूटामाइड देऊन बघितलं. हालचालींच्या टिक्स थोड्या उतरल्या, पण गुण टिकला नाही, आणि ते औषध यकृताला बाधू शकतं. वाढत्या वयाच्या पोरावर असला प्रयोग कोण करेल?

थेंब आम्ही घेतले नाहीत. दोनेक आठवड्यांत खाकरणं आपसूक कमी झालं. थेंब चालू असते तर श्रेय त्यांनाच गेलं असतं आणि बाटलीखाली आणखी एका आईचा पाच ताऱ्यांचा अभिप्राय झळकला असता. टिक्सना भरती-ओहोटी असते, आणि पालक पैसे मोजतात ते भरतीच्या वेळी.

तेवढेच पैसे सीबीआयटी, म्हणजे टिक्ससाठीची बिनऔषधाची वर्तन-थेरपी, येणाऱ्या थेरपिस्टकडे लावा. टिक येण्याआधीची ती आतली हुरहुर ओळखायची आणि तिच्यावर दुसरी, न जुळणारी हालचाल करायची, हे त्यात शिकवतात. २०१०मध्ये छापून आलेल्या १२६ मुलांच्या चाचणीत निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना गुण आला, नुसता आधार आणि माहिती मिळालेल्या गटात पाचातल्या एकालाही धड नाही. आमचा पठ्ठ्या आता खांदा उडणार असं वाटलं की कोपर बरगडीला दाबून धरतो. रोज जमतं असं नाही, कंटाळतोही.

लॅबकडून 'फॉलो-अप पॅनेलची वेळ झाली' असे मेसेज अजून येतात. नणंदबाईंचा नंबर दिलाय त्यांना.