मर्सिडीज एसएलकेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला तर आहे तोच उघडावा की कटिंगचा (म्हणजे मोडीत काढलेल्या गाडीतला जुना) आणावा?

इंदूरमध्ये जुनी एसएलके बाळगणारे तसे मोजकेच, आणि त्यातल्या कुणाचा ऑटोमॅटिक बॉक्स बिघडला की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, यात पैसे घालू नका, दिल्लीला मायापुरीतून नाहीतर मुंबईत कुर्ल्याहून कटिंगचा बॉक्स मागवा आणि टाकून मोकळे व्हा. सल्ला अगदीच चुकीचा आहे असं नाही, पण मी माझ्या २०० कॉम्प्रेसरसाठी दोन्हीकडे चौकशी केली आणि शेवटी आहे तोच उघडून घेतला, तर त्याबद्दल लिहितोय. हे सगळं ५ गिअरच्या ७२२.६ (हा मर्सिडीजचा गिअरबॉक्सचा नंबर) बद्दल आहे हं, ३५० वाल्यांचा ७ गिअरचा ७२२.९ म्हणजे वेगळं प्रकरण, त्याचं खाली लिहिलंय.

आधी बॉक्स खरंच गेलाय का ते बघा, कारण बऱ्याचदा गेलेला नसतोच. माझी गाडी सिमरोलच्या पुढे भेरूघाटात दुसऱ्या गिअरला अडकली, कितीही दाबा वर जाईना, थांबून बंद करून परत चालू केली की थोडा वेळ एकदम छान, मग परत तेच. हा लिम्प मोड. आत व्हॉल्व्ह बॉडीला (ऑइलच्या दाबाने गिअर बदलणारा भाग) लागून कंडक्टर प्लेट, म्हणजे सेन्सर आणि वायरिंगची प्लेट असते, तिच्यावर स्पीडचे दोन सेन्सर असतात, त्यातला एक चुकीचं वाचायला लागला की कंट्रोल युनिट, म्हणजे बॉक्सचा कॉम्प्युटर, बॉक्स वाचवायला म्हणून दुसऱ्यातच धरून ठेवतं. या बॉक्सचं हे जुनंच दुखणं आहे आणि त्यासाठी बॉक्स गाडीतून उतरवावा लागत नाही, खालून चेंबर (ऑइलचं तळातलं भांडं) खोलून प्लेट बदलता येते. याउलट डी टाकल्यावर गाडी जरा विचार करून हलते, गिअर बदलताना आरपीएम उगाच वर जातो आणि गाडी ओढत नाही, ऑइलला जळका वास येतो, असं असेल तर मात्र आतल्या क्लच प्लेटा गेल्यात असं समजा आणि मग खर्चाची तयारी ठेवा.

कटिंगच्या बॉक्सच्या बाजूने बोलायचं तर वेळ कमी लागतो, ते खरंच आहे. ओव्हरहॉलला बॉक्स सोडला की पार्ट येईपर्यंत गाडी रॅम्पवर नाहीतर कोपऱ्यात धूळ खात उभी, इथे तसं नाही, आला की चढवला. आणि आतला गिअर सेट किंवा केसिंगच फुटलं असेल तर दुसरा बॉक्स आणण्याशिवाय इलाज नाही, तिथे मी पण तोच आणीन. किंमतही ऐकायला कमी वाटते, म्हणजे नुसत्या बॉक्सची, त्यात ट्रकचं भाडं, काढायची-चढवायची मजुरी, नवीन ऑइल, फिल्टर हे सगळं धरलं की मला तरी फार फरक दिसला नाही, दुसऱ्यांना दिसेलही.

पण माझा निर्णय पैशावरून झालाच नाही. विकणाऱ्याने फोटो पाठवले, बॉक्स बाहेरून धुऊन चकाचक, आणि चेंबरच्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या पेंटचा एक एक ठिपका. विचारलं हे काय, तर म्हणे गॅरंटीची सील आहे, "खोलोगे तो गारंटी ख़तम". आता बघा, तो बॉक्स ज्या गाडीतून आला ती माझ्याच गाडीच्या वयाची, म्हणजे त्यातली कंडक्टर प्लेट पण तेवढीच जुनी, तेवढीच वर्षं गरम ऑइलमध्ये काढलेली. चढवायच्या आधी प्लेट, फिल्टर, कनेक्टर बदलणं हेच शहाणपणाचं काम, आणि नेमकं तेच केलं की गॅरंटी गेली. नाही केलं तर ज्या रोगासाठी जुना काढला तोच रोग नव्यात कधी निघेल सांगता येत नाही, आणि निघाला तर बॉक्स बदलून देऊ म्हणतात, पण परत उतरवायची मजुरी आणि परत भरलेलं ऑइल आपल्याच खिशातून. गॅरंटी चांगली असूनही वापरता येत नाही ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. मी दोन-तीन ठिकाणी विचारलं, शब्द वेगळे, ठिपके तेच.

आपल्या बॉक्सचं तसं नाही, तो आपण उघडून बघू शकतो. देवास नाक्याकडच्या मिस्त्रींनी माझ्यासमोर चेंबर उतरवला, तळाशी लोहचुंबक असतं, त्यावर बारीक राखाडी चिखलासारखा थर होता, बोटाने पुसला गेला, चिमटीत घासून बघितला तर कण लागत नव्हते. एवढ्या चाललेल्या गाडीत हे असायचंच. त्याऐवजी चमकणारे तुकडे, चिपा सापडल्या असत्या तर मी कदाचित हे लिहिलंच नसतं. मग बाजूचा १३ पिनचा कनेक्टर काढला तर तो आतून ओला. त्याची ओ-रिंग कडक झाली की ऑइल वायरींच्या आतून वर चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत जातं, ऐकायला विचित्र वाटेल पण या बॉक्सला होतं असं. म्हणून प्लेट बदलणार असाल तर तो कनेक्टर सोबत बदलाच, आणि वरचं युनिट उघडून पिना कोरड्या आहेत ना ते बघून घ्या, नाहीतर प्लेट नवीन आणि तक्रार जुनीच राहते आणि मग लोक म्हणतात बघा बॉक्सच गेला होता.

उघडून घेण्यातही त्रास आहेच. मुख्य म्हणजे हात ओळखीचा हवा. या बॉक्सला रोजच्या वापराची डिपस्टिक कंपनीने दिलेलीच नाही, नळीवर नुसतं झाकण, लेव्हल बघायची काडी वर्कशॉपची वेगळी, आणि लेव्हल ऑइल ८० डिग्रीला आल्यावर बघायची, म्हणजे स्कॅनर लावून टेम्परेचर वाचत बसावं लागतं. अंदाजाने ओतणारा मिस्त्री असेल तर सरळ नाही म्हणा, कमी पडलं तर स्लिप, जास्त झालं तर फेस होतो. ऑइल मर्सिडीजच्या २३६.१४ स्पेसिफिकेशनचंच, साधं एटीएफ (ऑटोमॅटिक बॉक्सचं ऑइल) चालतं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पर्यायही आहेच, पण तिथे अख्ख्या नवीन बॉक्सचीच भाषा असते आणि तो आकडा या वयाच्या गाडीला मला तरी पटला नाही. मॅन्युअल करून घ्या म्हणणारेही भेटतात, पेडलपासून कोडिंगपर्यंत सगळंच बदलावं लागेल, त्यात मी शिरलोच नाही.

७२२.९ वाल्यांनी तर कटिंगच्या नादी लागण्याआधी जास्तच विचार करावा असं वाटतं, कारण त्यात कंट्रोल युनिट बॉक्सच्या आतच प्लेटबरोबर बसवलेलं असतं आणि ते मूळ गाडीशी कोड केलेलं असतं, दुसऱ्या गाडीचं टाकलं म्हणजे चाललं असं होत नाही, त्याचं कोडिंग करू शकणारा माणूस आधी शोधा, बॉक्स नंतर.

आणि एवढं वाचूनही कटिंगचाच घ्यायचा असेल, परिस्थिती तशी असू शकते, तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून व्हॉट्सॲपवर का होईना पण लिहून घ्या की प्लेट, कनेक्टर आणि फिल्टर बदलण्यासाठी चेंबर उघडला तरी गॅरंटी राहील. तयार होणारे असतात, कमी असतात पण असतात. जुना बॉक्स जळून गेला असेल तर ऑइल कूलर आणि त्याच्या लाइन्स आधी फ्लश करून घ्या, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि बॉक्स यांच्यामधला ऑइलने भरलेला भाग) जुना परत लावू नका, कारण सगळा कचरा त्यातच बसलेला असतो आणि गाडी चालू केल्या केल्या तो नव्या बॉक्सात जातो.