घरातली डिजिटल तिजोरी: पावसाळा, गणपती आणि दिवाळी काढल्यानंतरचा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधला फ्लॅट, बेडरूमच्या वॉर्डरोबचा खालचा कप्पा, त्यात ३० लिटरच्या आसपासची कीपॅडवाली तिजोरी. चार पेन्सिल सेल, मोटरवर सरकणारे बोल्ट, आणीबाणीसाठी दोन चाव्या. तिजोरी चांगली आहे. पण काही महिने वापरल्यावर पक्कं मत झालं आहे ते असं: या मापाच्या तिजोरीत खरी सुरक्षा पेटीची नसते, ती कशाला आणि कशी ठोकली आहे याची असते.

अशा तिजोरीचं वजन साधारण १२ ते १६ किलो भरतं. दार जाड असलं तरी बाजूचा पत्रा दोन मिलिमीटरच्या आसपासच. नुसती ठेवलेली तिजोरी चोर तिथे उघडत बसत नाही, चादरीत गुंडाळून घेऊन जातो आणि सगळा ऐवज त्याला एकाच ठिकाणी मिळतो. म्हणून न ठोकलेली तिजोरी ही कपाटात विखुरलेल्या दागिन्यांपेक्षाही वाईट.

आता ठोकायचं कशाला? आधी भिंत ओळखा. ड्रिल मारताना पांढुरकी भुकटी पडली आणि बिट हॅमर (ड्रिलची ठोके देणारी सोय) न लावताच आत गेला, तर ती सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकची भिंत. लाल भुकटी आली तर वीट. वाशी-नेरुळच्या जुन्या इमारतींत ही बहुतेक मिळते. राखाडी भुकटी आणि बिट हळूहळू, कष्टाने जातोय, म्हणजे काँक्रीट. मिव्हान पद्धतीने, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या इमारतींत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात, तिथे काम सोपं. सिपोरेक्समध्ये मात्र तिजोरीसोबत आलेले फुगणारे अँकर बोल्ट निरुपयोगी आहेत. बोल्ट आवळला की नळी फुगते आणि आजूबाजूचा ठिसूळ ब्लॉकच चुरडते. हाताला घट्ट लागतो, पण कटावणीच्या दोन हिसक्यांत सुटतो. तिथे केमिकल अँकर लागतो. भोकातली भुकटी फुंकून, ब्रशने घासून, पुन्हा फुंकून काढायची, मग केमिकल भरून स्टड (आट्यांचा दांडा) बसवायचा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत नट आवळायचा नाही. भुकटी तशीच राहिली तर केमिकल भिंतीला न धरता भुकटीला धरतं.

आमच्या मते सगळ्यात भरवशाची जागा जमीन. इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. सोबत मिळणारे बोल्ट साधारण ६० मिलिमीटरचे असतात. टाइल ८ ते १० मिलिमीटर, तिच्याखाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा थर ४०-५० मिलिमीटर. म्हणजे तो बोल्ट स्लॅबपर्यंत पोचतच नाही, नुसत्या मसाल्यात अडकून बसतो. हार्डवेअरच्या दुकानातून १० मिलिमीटर जाडीचे, १०० ते १२० मिलिमीटर लांबीचे अँकर घ्या आणि स्लॅबमध्ये किमान ५० मिलिमीटर पकड मिळू द्या. बिट बोल्टच्या बाहेरच्या नळीच्या मापाचा हवा. टाइलवर चिकटपट्टी लावून आधी हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं, टाइल पार झाली की मगच हॅमर चालू. नाहीतर टाइल तडकते. बिट एकदम थांबला आणि भोकात धातू चमकला तर ती सळई आहे. ती कापत बसू नका, भोक सरकवा. स्लॅब पोस्ट-टेन्शनचा असेल तर सोसायटीला किंवा बिल्डरच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय स्लॅबला हात लावू नये, आतल्या ताणलेल्या केबलला धक्का लागणं धोक्याचं असतं. भिंतीत भोक पाडण्याआधी स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि बाथरूमच्या पाठीमागची जागा टाळा. वायर आणि पाइप तिथूनच जातात.

वॉर्डरोबमध्ये बसवताना सुताराकडून एक काम करून घ्यावंच लागतं. खालच्या कप्प्याचं १८ मिलिमीटरचं प्लाय जमिनीपासून वर असतं, मधे पोकळी. त्या प्लायला तिजोरी आवळली तर चोर प्लायसकट उचकटून नेईल. तळाचं प्लाय तिजोरीच्या मापाने कापून ती थेट टाइलवर बसवा. पाठीमागे भिंतीलाही बोल्ट मारायचे असतील तर मागच्या पातळ प्लायचा तुकडाही कापा, नाहीतर आवळताना तो दबतो आणि तिजोरी डुगडुगते. फट राहिली की कटावणी शिरते. कुलपाची बाजू वॉर्डरोबच्या कडेला भिडेल असा कोपरा मिळाला तर आणखी चांगलं, तिथे कटावणीला जोर द्यायला जागाच उरत नाही. तिजोरीचं दार पूर्ण उघडायला वॉर्डरोबची बिजागरी आड येते का, हे भोकं पाडण्याआधी बघा.

कुलपाबद्दल. आमच्याकडचा प्रकार मोटरचा, तोच घ्या. स्वस्त तिजोऱ्यांत सोलेनॉइड (पिन ओढणारं विजेचं चुंबक) असतो आणि दाराचा खटका हाताने फिरवायचा असतो. त्यांतल्या कित्येक, खटका फिरवत वरून जोरात ठोसा मारला की उघडतात, कारण आतली स्प्रिंगवरची पिन क्षणभर उडते. कारखान्यातून आलेला कोड बदलायचं बहुतेकांना ठाऊक असतं, पण अनेक मॉडेलांत वेगळा मास्टर कोडही असतो, तो तसाच राहतो. दोन्ही बदला. फिंगरप्रिंटचं मॉडेल घरात वयस्कर मंडळी असतील तर त्रासदायक, झिजलेल्या रेषा आणि ओले हात त्याला ओळखू येत नाहीत. आणीबाणीच्या चाव्यांपैकी एक नातेवाइकाकडे द्या, दुसरी घरात वेगळ्या खोलीत ठेवा. त्या तिजोरीतच ठेवल्या तर सेल संपल्यावर काय करणार? आणि वॉर्डरोबमध्येच टांगल्या तर कोडला काही अर्थ नाही.

सेल अल्कलाइनच वापरा. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असल्याने सेल कमी झाल्याची लाल खूण लवकर दिसू लागते. मोटरचा आवाज रेंगाळायला लागला की लाल दिव्याची वाट न बघता चारही एकदम बदला. पावसाळ्यात सेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर येतो, तो कोरड्या खोडरबराने निघतो. गणपतीला गावी कोकणात जाण्याआधी सेल बदलायचा नेम ठेवला आहे. ठाण्यात त्याच दिवसांत मजलेच्या मजले बंद असतात.

या तिजोरीची खरी कसोटी चोराने नाही, पावसाने घेतली. जुलै-ऑगस्टमध्ये इथे आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते आणि आतलं मऊ कापडी अस्तर ओल धरतं. तिजोरी बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या, अजिबात लावू नका. न वापरलेली भोकं सिलिकॉनने बुजवा. १०० ग्रॅमच्या दोन सिलिका जेलच्या पिशव्या आणि आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर ठेवला की आकडा ५०-५५ टक्क्यांवर टिकतो. दार रोज उघडलं तर लवकर चढतो. नारिंगी रंगाचं जेल घ्या, ओल प्यायलं की हिरवं होतं, ११०-१२० अंशांवर तापवलं की परत कामाला येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको.

एक काळजी मात्र घ्या: मोत्याची नथ, तन्मणी, चिंचपेटी जेलजवळ नको. मोत्याला थोडा ओलावा लागतो, फार कोरड्यात तो तडकतो. सुती कापडात गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवा. चांदीच्या वस्तूंना रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. कागदपत्रं लॅमिनेट करू नका. झिप असलेल्या पिशवीत सुटी ठेवा.

आगीबद्दल गैरसमज फार आहे. ही तिजोरी अग्निरोधक नाही. एकेरी पत्रा आहे, आत सगळं करपेल. अग्निरोधक तिजोरी ही वेगळी आणि बरीच जड वस्तू. कागदासाठीच्या प्रकारात आतलं तापमान ठरावीक वेळ सुमारे १७७ अंशांखाली राहतं, एवढीच हमी असते. पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्कला ५२ अंशांची मर्यादा लागते, म्हणून कागदाच्या तिजोरीत त्या वाचत नाहीत. खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळू शकते, पण तिची स्कॅन केलेली प्रत घराबाहेर कुठेतरी असावीच. आधार, लायसन्स, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये घ्या.

आणि आग लागली किंवा इमारत रिकामी करायला सांगितली तर कोणी कोड दाबत बसणार नाही. त्यासाठी दारामागे वेगळी पिशवी: कागदपत्रांच्या झेरॉक्स, पाच-सहा हजारांच्या सुट्या नोटा, आठवड्याची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, टॉर्च, चार्ज केलेली पॉवरबँक, शिट्टी, चष्मा, कपाटाच्या जादा चाव्या. तिजोरी चोरासाठी, पिशवी आगीसाठी आणि पुरासाठी.

सगळं सोनं घरात ठेवू नये, सगळं बँकेतही नको. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, आग किंवा इमारत कोसळणं यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच आहे. तीन हजार भाडं असेल तर तीन लाख, आत तीस लाखांचं असलं तरी. नोव्हेंबर २०१७ मध्ये जुईनगरला शेजारच्या गाळ्यातून भुयार खणून बँकेचे लॉकर फोडले गेले होते, हे नवी मुंबईकरांना सांगायला नको. वर्षातून दोनदा लागणारे दागिने लॉकरमध्ये, नेहमीचे घरच्या तिजोरीत, अशी वाटणी आम्हाला योग्य वाटते.

विम्याचंही तपासा. भारत गृह रक्षा पॉलिसीत घरफोडी मूळ संरक्षणात नाही. चोरी फक्त आग-पुरासारख्या घटनेनंतरच्या सात दिवसांत धरली जाते. घरफोडीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. दाव्यासाठी आणि पोलीस तक्रारीसाठी प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन, पावती आणि हॉलमार्कवरचा अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. ही यादी तिजोरीत नको, ईमेलवर असू द्या.