मज्जारज्जूवर दाब आणणारा कर्करोग : शस्त्रक्रियेसह किरणोपचार की केवळ किरणोपचार?

स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यांत पसरून मज्जारज्जू दाबू लागला, की घरच्यांना फार थोड्या वेळात निर्णय घ्यावा लागतो, आणि गोव्यात अनेकांच्या मनात पहिला विचार येतो तो रुग्णाला मुंबईला टाटात नेण्याचा. मात्र पायांतील शक्ती कमी होत असताना प्रवासात गेलेले तास भरून निघत नाहीत. म्हणून संपूर्ण कण्याचा एमआरआय त्याच दिवशी बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात करून घ्यावा, डॉक्टरांनी सांगितल्यास सूज उतरवणारे डेक्सामेथासोन तिथेच सुरू करावे आणि कुठे जायचे ते त्यानंतर ठरवावे.

केवळ किरणोपचारात भूल नाही, जखम नाही. लिम्फोमा किंवा मायलोमा या रक्तपेशींच्या कर्करोगांच्या गाठी किरणांनी लवकर विरघळतात, त्यामुळे तिथे सहसा हाच मार्ग योग्य ठरतो. परंतु किरणांनी खचलेला मणका सावरत नाही आणि मज्जारज्जूत रुतलेला हाडाचा तुकडाही निघत नाही.

शस्त्रक्रियेत दाब लगेच दूर होतो व स्क्रू-रॉड बसवून कण्याला आधार देता येतो. किरणोपचार मात्र त्यानंतरही घ्यावेच लागतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या १०१ रुग्णांच्या अभ्यासात दोन्ही उपचार मिळालेल्यांपैकी ८४ टक्के, तर केवळ किरणोपचार मिळालेल्यांपैकी ५७ टक्के रुग्ण उपचारांनंतर चालू शकले, आणि ही क्षमता टिकण्याचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) अनुक्रमे १२२ आणि १३ दिवस होता. हा फरक मला फार मोठा वाटतो. तरीही त्या अभ्यासात निवडलेलेच रुग्ण होते, हे विसरता येत नाही: दाब एकाच भागात, पाय पूर्ण लुळे पडले असल्यास त्याला ४८ तासांहून जास्त वेळ न झालेला आणि किमान तीन महिने आयुष्य अपेक्षित. या वर्णनात बसणाऱ्या रुग्णासाठी किरणोपचार सुरू होण्यापूर्वीच मणक्याच्या शल्यविशारदाचे मत मागावे, असा माझा आग्रह आहे, कारण आधी किरण दिलेल्या जागी नंतर शस्त्रक्रिया केल्यास जखम चिघळण्याचा धोका वाढतो.

रुग्ण फार खंगलेला असेल, किंवा पाय जाऊन बरेच दिवस लोटले असतील, तर मोठ्या शस्त्रक्रियेचा त्रास त्याला देऊ नये. अशांसाठी किरणांचा ८ ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) एकच डोस हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. २०१९ सालच्या एका चाचणीत आठ आठवड्यांनी चालू शकणाऱ्यांचे प्रमाण एका डोसनंतर सुमारे ६९ टक्के, तर पाच डोसनंतर सुमारे ७३ टक्के होते. संख्याशास्त्राच्या निकषावर एक डोस तंतोतंत समकक्ष ठरला नाही. पण काणकोण किंवा सत्तरीसारख्या दूरच्या तालुक्यांतून पाठीच्या असह्य वेदना सोसत येणाऱ्या माणसाच्या चार फेऱ्या वाचत असतील, तर एका डोसबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारावे.